झडप, काढा आणि तुलनेचा गट

आमच्या एका शिक्षकमित्राने मध्यंतरी एक पत्रक आणून दिले. त्यांच्या नववीच्या वर्गातील एका मुलीला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. काही वर्षांपूर्वी तिला ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आणि त्यात हृदयाची एक झडप दुखावली. हे इंजेक्शन फार दुखते. मुलगी कंटाळली आहे आणि घरचेही कंटाळले आहेत. अशात कोणीतरी त्यांच्या हाती हे पत्रक ठेवले. पाच हजार वर्षांच्या चिनी वैद्यकाच्या आधारे, वनौषधी व सुया यांच्या साहाय्याने, हृदयाच्या झडपा शस्त्रक्रियेवाचून पूर्ववत होतात, असा त्याचा दावा. खाली 'इको' तपासणीचे आधीचे व नंतरचे आकडे, एका मोठ्या चिनी चाचणीचा उल्लेख आणि एका इंग्रजी दूरचित्रवाणी-कार्यक्रमाचा हवाला. मित्राचा प्रश्न सरळ होता : "हे खरे नाही असे मला वाटते. पण का खरे नाही, ते तिच्या वडिलांना सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

सांगायला बसलो तेव्हा लक्षात आले, की काम वाटले तितके सोपे नाही. पत्रकातले सगळेच खोटे असते तर बरे झाले असते. त्यातल्या निरनिराळ्या गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. त्या एकमेकींना जोडून जो निष्कर्ष काढला आहे तो मात्र टिकत नाही.

आधी झडपेकडे पाहू. डाव्या कर्णिकेतून (नव्या पाठ्यपुस्तकांत अलिंद) डाव्या जवनिकेत (निलय) रक्त उतरते त्या दारावर द्विदल झडप असते. दोन पातळ पडदे, आणि ते उलटे फिरू नयेत म्हणून छत्रीच्या दोऱ्यांसारखे खाली बांधलेले तंतू. मिनिटाला ७० ठोके धरले तर ही झडप दिवसाला १,००,८०० वेळा उघडते आणि मिटते. निरोगी प्रौढात तिचे उघडलेले तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे घसा धरतो, तो बराही होतो. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे सुजतात आणि उतरतात. झडपेचे तसे नसते. तिथे सूज ओसरल्यावर व्रण राहतो. असे झटके पुन्हापुन्हा आले तर पडदे जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, तंतू आखडतात, आणि तोंड माशाच्या तोंडासारखी अरुंद फट होऊन बसते. ही फट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की डॉक्टर विकार तीव्र मानतात. मागे कर्णिकेत दाब वाढतो, तो फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि जिना चढताना धाप लागते.

म्हणजे सुरुवात जंतूपासून झाली असली तरी शेवटी उरते ती एक यांत्रिक अडचण. चिकटलेल्या कडा सुट्या केल्या पाहिजेत, किंवा झडप बदलली पाहिजे. हे 'पाश्चात्त्य' मत आहे असे पत्रक म्हणते. त्याला चीनच्याच इतिहासातून उत्तर देता येते. शांघायमध्ये शल्यवैद्य लान शीचुन यांनी १९५४ साली द्विदल झडपेच्या चिकटलेल्या कडा शस्त्रक्रियेने मोकळ्या केल्या. तिथेच १९६५ मध्ये त्साय योंगझ यांनी चीनमध्ये बनवलेली कृत्रिम झडप रुग्णाच्या हृदयात बसवली. ही तीच वर्षे, जेव्हा चीनचे सरकार पारंपरिक वैद्यकाला सर्व प्रकारे उत्तेजन देत होते, १९५६ पासून त्याची खास महाविद्यालये काढत होते. काढ्याने झडप सुटत असती तर ती सुटलेली पाहण्याची सर्वाधिक इच्छा याच देशाला होती. पुढे १९८०च्या दशकात जपानच्या कांजी इनोउए यांची फुग्याची पद्धत आली. मांडीच्या शिरेतून फुगा झडपेपर्यंत नेऊन तिथे फुगवायचा. चीनमध्ये तीही पसरली, आपल्याकडेही पसरली.

आता त्या 'पाच हजार वर्षां'विषयी. चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'हुआंगदी नैजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. त्यात 'बी' नावाच्या व्याधींचे एक प्रकरण आहे. वारा, थंडी आणि दमटपणा यांनी अंग धरणे, असा त्याचा साधारण अर्थ. रक्तवाहिन्यांत रुतलेली 'बी' बरी न होता तिच्यावर नवा आघात झाला तर ती आत हृदयात जाऊन बसते, आणि मग छाती धडधडते, अचानक धाप लागते, असे तिथे वर्णन येते. चिनी लेखक हा उतारा अभिमानाने दाखवतात, आणि वाचून आम्हीही क्षणभर थबकलो. ऱ्हुमॅटिक तापाची पुनरावृत्ती आणि त्यातून बिघडणारे हृदय यांचे हे वर्णन नव्हे काय?

पण प्रकरण पुढे वाचायला हवे. त्याच नियमाने हाडांतली 'बी' मूत्रपिंडात, स्नायुबंधांतली यकृतात, मांसातली प्लीहेत आणि त्वचेतली फुप्फुसांत जाते असेही तिथे म्हटले आहे. शरीराचे पाच थर, पाच इंद्रिये, आणि पाच जोड्या. पंचतत्त्वांच्या कोष्टकातून आलेल्या या पाचांपैकी एक जोडी आजच्या ज्ञानाशी जुळते म्हणून ती उचलायची आणि चार सोडून द्यायच्या, हे बरोबर नाही. शिवाय जी जुळते तीही नीट जुळत नाही, कारण हृदयात शिरते ती रक्तवाहिन्यांतली व्याधी, सांध्यांतली नव्हे. त्या काळच्या वैद्यांनी धाप लागलेले, छाती धडधडणारे रुग्ण बारकाईने पाहिले होते, यात शंका नाही. झडप मात्र त्यांनी पाहिली नव्हती. आपल्याकडे जुन्या ग्रंथांत विमाने शोधणारे लोक जी चूक करतात, तीच ही.

पत्रकातील 'रुग्णांना गुण येतो' हे विधान आम्ही खोटे मानत नाही. झडपेच्या रोग्याला गुण कशाने येतो ते पाहा. डावी जवनिका भरते ती दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. फट अरुंद असेल तर भरायला जास्त वेळ हवा. ताप, रक्तक्षय, गरोदरपण, धावपळ यांनी ठोके जलद झाले की विश्रांतीचा वेळ घटतो आणि धाप वाढते. ठोके सावकाश झाले, लघवी साफ होऊन अंगातले पाणी उतरले, मीठ कमी केले, की तोच रोगी त्याच झडपेनिशी जिना चढू लागतो. झडपेचे तोंड मात्र एक चौरस मिलिमीटरनेही वाढलेले नसते. विश्रांती, बिनमिठाचे जेवण आणि लघवी वाढवणारा काढा असे पथ्यपाणी कोणत्याही वैद्याने दिले तरी काही काळ उतार पडणारच.

हृदयावर परिणाम करणाऱ्या वनस्पती असतात हेही खरे आहे. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी अंगावरच्या सुजेसाठी दिल्या जाणाऱ्या एका गावठी औषधातल्या वीसएक वनस्पतींतून डिजिटॅलिस ही कामाची वनस्पती ओळखली, वर्षानुवर्षे रुग्णांवरील नोंदी ठेवल्या, आणि १७८५ साली फसलेल्या उपचारांसह त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतून मात्रा ठरली. डिजिटॅलिसपासून मिळणारे डिगॉक्सिन आजही काही झडपरोग्यांना ठोके आवरण्यासाठी देतात. पण डिगॉक्सिनने झडप उघडते असे कोणी म्हणत नाही.

पत्रकात ज्या चिनी चाचणीचा उल्लेख आहे ती खरीच आहे आणि चांगली आहे. 'छिली छियांगशिन' या अकरा वनस्पतींच्या कॅप्सूलची चाचणी सुमारे ३,१०० रुग्णांवर झाली. निकाल २०२३ मध्ये जाहीर झाले आणि २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आले. रुग्णांचे नेहमीचे आधुनिक उपचार चालूच ठेवून निम्म्यांना ही कॅप्सूल आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल दिल्या. सुमारे दीड वर्षात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय कमजोर झाल्याने रुग्णालयात भरती, असे काही घडले ते औषधाच्या गटात २५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३० टक्के लोकांच्या बाबतीत. फरक मोठा नाही, पण आहे. पारंपरिक औषधाची अशी कसोटी घेणाऱ्यांचे आम्हाला कौतुक वाटते. गंमत अशी, की त्या अकरांपैकी एका वनस्पतीत डिजिटॅलिसच्याच जातीची द्रव्ये आहेत. पण ही चाचणी होती अशक्त झालेल्या हृदयस्नायूची. विहिरीचा पंप दुबळा झाला आहे आणि नळाची तोटी गंजून घट्ट बसली आहे, या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिलीवरच्या उपायाचा दाखला दुसरीसाठी चालत नाही. पत्रककर्त्याने तो चालवला आहे.

इंग्रजी कार्यक्रमाची कथाही अशीच. बीबीसीने जानेवारी २००६ मध्ये शांघायमधल्या एका तरुणीची हृदयशस्त्रक्रिया दाखवली. ती जागी होती आणि अंगात सुया होत्या. पाहणाऱ्याला वाटावे, की भूल दिली ती सुयांनी. सायमन सिंग या विज्ञानलेखकाने नंतर दाखवून दिले, की तिला मिडाझोलाम, ड्रोपेरिडॉल आणि फेंटानिल ही तीन जोरदार औषधे दिली होती, आणि छातीत जागा बधिर करणारी इंजेक्शनेही टोचली होती. पडद्यावर मात्र ठसल्या त्या सुया. आणि इतके सगळे मान्य केले तरी त्या दिवशी हृदय दुरुस्त केले ते शस्त्राने, हे पत्रकाच्या लेखकाच्या ध्यानातच आलेले दिसत नाही.

राहिले ते इकोचे आधीचे-नंतरचे आकडे. शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते ते इथे. अमुक मुलाच्या झडपेतली गळती औषध घेतल्यावर सहा महिन्यांत कमी झाली, हे छापील सत्य समोर असताना काय म्हणायचे?

युगांडामध्ये झालेली एक चाचणी इथे उपयोगी पडते. २०२२ च्या सुमारास तिचे निकाल प्रसिद्ध झाले. काहीही त्रास नसलेल्या, पण इकोमध्ये ऱ्हुमॅटिक विकाराची सुरुवातीची खूण दिसलेल्या ८१८ मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन, दुसऱ्याला काही नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको केले. तपासणाऱ्यांना कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते. काहीच न दिलेल्या ४०० मुलांपैकी ३३ जणांचा विकार वाढलेला आढळला. इंजेक्शन घेतलेल्या ३९९ पैकी केवळ ३ जणांचा. दुखणारे इंजेक्शन कशासाठी घ्यायचे, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण त्याच चाचणीत आणखी एक आकडा आहे, तो कमी लोकांनी पाहिला असेल. ज्यांना काहीच दिले नव्हते अशा मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांचे इको दोन वर्षांनी आपोआप सुधारलेले दिसले. इंजेक्शनच्या गटातही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात. म्हणजे विकार सौम्य असताना झडप पुष्कळदा स्वतःच सावरते, आणि त्याचे श्रेय पेनिसिलीनलाही देता येत नाही. पेनिसिलीनचे काम इतकेच, की पुढचा घाव पडू न देणे.

आता अशी ४०० मुले एखाद्या काढेवाल्याकडे गेली आहेत असे समजा. दोन वर्षांनी त्याच्याजवळ आधीच्या-नंतरच्या खऱ्याखुऱ्या, कोणत्याही डॉक्टरने सही करावी अशा दोनशेच्या आसपास इको-फायली जमतील. त्याला लबाडी करण्याची गरजच नाही. काढ्याऐवजी त्याने उसाचा रस दिला असता तरी तेवढ्याच फायली जमल्या असत्या. ज्या तेहतीस जणांचे बिघडले ते त्याच्याकडे परत येणार नाहीत. ते मोठ्या रुग्णालयात जातील आणि त्याच्या हिशेबातून गळतील. वर्गात हे करून पाहता येते. चाळीस मुलांना एकेक शेंगदाणा खायला द्या, मग प्रत्येकाला नाणे उडवायला सांगा. छापा आला तर 'बरा झाला'. छापावाल्यांना पुढे बोलावून शेंगदाण्याची जाहिरात लिहायला सांगा. मुले पोट धरून हसतात, आणि तुलनेचा गट कशासाठी लागतो हे त्यांना कळलेले असते.

हा नियम फक्त चिनी औषधांना लावला तर तो अन्याय होईल. वृद्धपणी महाधमनीच्या झडपेत चुना साठून ती आखडते. त्या चुन्याजवळ कोलेस्टेरॉलही सापडते, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी हा विकार थोपेल अशी आधुनिक डॉक्टरांना मोठी आशा होती. युरोपातील १,८७३ रुग्णांवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला. कोलेस्टेरॉल उतरले, पण झडप आखडत राहिली. आशा सोडून द्यावी लागली. ही झडप आखडणे थांबवील असे सिद्ध झालेले औषध आजही कोणत्याच वैद्यकाकडे नाही.

'निसर्गातलेच आहे, घेऊन पाहायला काय जाते?' असा प्रश्न मुलीच्या वडिलांनी विचारला होता. झडपेच्या रोग्याच्या बाबतीत तरी पुष्कळ जाते. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला, मग ती झडप परदेशी असो की तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली, रक्त गोठू नये म्हणून वॉरफरीन किंवा त्याच जातीची गोळी जन्मभर घ्यावी लागते. अरुंद द्विदल झडप आणि अनियमित ठोके असणाऱ्यांनाही तेच. या गोळीची मात्रा फार नाजूक असते. रक्त तपासून 'आयएनआर' नावाचा आकडा काढतात, तो ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. खाली गेला तर झडपेवर गुठळी होते, वर गेला तर रक्तस्राव. चिनी हृदयौषधांत ज्याचा फार वापर होतो ते 'दानशन' मूळ वॉरफरीनचा परिणाम वाढवते. १९९०च्या दशकात हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा मिश्रणाने रक्तस्राव झालेल्या झडपरोग्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जिनसेंगची तऱ्हा उलट. कृत्रिम झडप असलेल्या एका रुग्णाने जिनसेंगच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि दोन आठवड्यांत त्याचा आकडा ३.१ वरून १.५ वर आला. ही नोंद १९९७ ची आहे. आणि या दोन्ही वनस्पती एकाच कॅप्सूलमध्ये असू शकतात! वर सांगितलेल्या अकरा वनस्पतींतही त्या आहेत. तिथेच 'फूत्स' आहे, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातले मूळ. ते पुष्कळ वेळ उकळले तर त्यातले विष मोडते, कमी उकळले तर हृदयाचे ठोके विस्कटून माणूस दगावतो. आपले जुने वैद्य बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरत नसत, चिनी वैद्यही नाही. पत्रकावरून कॅप्सूल मागवणाऱ्याला मात्र ते किती शुद्ध केले आहे हे कळायला मार्ग नाही.

जुन्या चिनी ग्रंथांतून काही मिळतच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मलेरियावरचे आर्टेमिसिनीन तिथूनच आले. तू योयो यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकात 'छिंगहाव' ही वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा असा तर्क तू योयो यांनी केला आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. हा तर्क आधी उंदरांवर तपासला, मग अर्काची विषबाधा होत नाही ना हे स्वतः घेऊन पाहिले, मग रुग्णांवर. तो उतारा त्यांनी शोधाची सुरुवात म्हणून वापरला. आमच्यासमोरच्या पत्रकात नैजिंगचा उतारा पुरावा म्हणून वापरला आहे.

हे सगळे आम्ही त्या शिक्षकमित्राला लिहून पाठवले. युगांडातली मुले आणि ही मुलगी यांत एक फरक आहे, तोही मुद्दाम कळवला. त्या मुलांना विकाराची केवळ खूण होती. हिला प्रत्यक्ष ताप येऊन गेला आहे, म्हणून तिचे इंजेक्शन चुकणे जास्त धोक्याचे. इंजेक्शन दुखते हे मात्र खरे आहे, आणि त्याविषयी डॉक्टरांशी बोलता येते. औषध हळू टोचणे, सोबत बधिर करणारे औषध घालणे, असे उपाय आहेत. मित्र त्या वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाताना पत्रकही नेले. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, की यात कोणकोणत्या वनस्पती आहेत आणि किती किती? ते त्यावर कुठेच छापलेले नव्हते. फोन नंबर मात्र तीन होते.